कोऱ्या कापडाला हळद

सोलापूर, अक्कलकोट रोड
मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

माझ्या सुकन्येला आजीचा पोटभर आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी काल संध्याकाळी कोंडीबानं आणून दिली. बरं झालं बाई, त्यो रोज रेल्वेनं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला जातो अन् आपल्याच गल्लीत राहतो. पोस्टात टाकली असतीस तर कवा पोचली असती? फोनवर तू काय बोलतीस मला कळत न्हाय, कानातलं मशीन शिट्टी मारतंय. अन् तुझ्या बापाला फोन केला की त्यो "बरं, बरं" म्हणतो अन् ठेवून देतो. काय बरं, कुणाचं बरं, ते काय सांगत न्हाय. त्यापेक्षा हे कागदावरचं झकास. चौथीपर्यंत शिकले त्याचं आज चीज झालं.

चिठ्ठी तीनदा वाचली. शाळेच्या पोरांच्या दीडशे टीशर्टांच्या छपाईची ऑर्डर तुला मिळाली, पोटुशी म्हणून डॉक्टरनं महिनाभर प्रवास नको म्हणलं, तर कोरे टीशर्ट आजीनं निवडावेत. आजीनं! तुझ्या आईनं न्हाय, बापानं न्हाय, मी! गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. पलीकडची वैजयंती म्हणली, "आजी, तुमी तर ठेकेदारच झालाव की." म्हणलं, मग काय!

तुझ्या बापाला, कुंडलिकला, आज दुपारपाळी, म्हणून सकाळीच त्याच्या गाडीवर मागं बसून बाजारात गेले. शंकरप्पाचं होलसेलचं दुकान. मला बघून म्हणला, "बर्री अव्वा, कुंद्री," म्हणजे या आई, बसा. मी बी कानडीत उत्तर दिलं, माझं माहेर अक्कलकोटच्या खालचं, मी काय सोडतीय व्हय? मग त्यो लई खूश झाला, चहा मागवला. चहात आलं घालतो त्यो. तुझी आई घालत न्हाय, म्हणती पित्त होतं. ऱ्हाऊ दे.

तर तीन जाती दाखवल्या. एक निव्वळ सुती. एक मिक्स, म्हणजे अर्धं सूत अन् अर्धं पॉलिस्टर. अन् तिसरं काय सांगू, चमकीचं! खेळाडू घालतात ते. पाण्यासारखं हातातनं सटकतंय, अन् घडी घाला न्हायतर बोळा करा, चुणी म्हणून न्हाय. कुंडलिकला दुकानातच शर्टावरनं तिन्ही घालायला लावले. त्यो लाजला, येणारेजाणारे हसायले. चमकीच्यात तुझा बाप नवरदेव दिसत होता, खरं सांगते. मला विचारशील तर चमकीचंच घे. पोरं खेळणार, उन्हात कशी चमकतील!

पण तू म्हणालीस आधी छापून बघायचं, म्हणून तिन्हीतला एकेक कोंडीबाबरोबर धाडते. तुझ्या सासूला, मुक्ताबाईंना, नमस्कार सांग. तुझ्या लग्नात बी हसल्या न्हाईत त्या, आता तरी हसतात का?

तुझी आजी,
अंबुबाई

•

कुर्डुवाडी
गुरुवार, ५ डिसेंबर

आजी,

तुझ्या पाया पडते. वाकता येत नाही म्हणून कागदावरच.

तिन्ही टीशर्टांवर शाळेचं चिन्ह छापून बघितलं. तू चिडू नकोस, पण तुझा नवरदेव नापास झाला. रंग पक्का करायला छपाईवर इस्त्री फिरवावी लागते. चमकीच्या कापडावर इस्त्री टेकवली आणि ते पापडासारखं आक्रसलं, आणि नखानं खरवडलं तर रंगाची खपली निघाली. मी पाण्यात मिसळायचा रंग वापरते, त्याला वास नसतो, घरात बाळ येणार म्हणून मुद्दाम. तो सुतातच मुरतो. मिक्सवर बसला, पण फिका दिसतो. निव्वळ सुतीवर बघ कसा उठून दिसतोय, तुकडा कापून सोबत पाठवते.

तेव्हा सुतीच घे, पांढरे. पण पातळ नको. सातवीच्या मुली घालणार आहेत. आत हात घालून बघ, बोटं दिसली तर तो नको. मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. आणि आजी, पिशवीतून काढून प्रत्येक टीशर्ट बघ, अगदी एकेक. मागच्या वेळी बारा-पंधरांना भोकं निघाली आणि छापून झाल्यावर कळलं.

का एवढं सांगते ते तुला लिहिते, आईला लगेच सांगू नकोस. सासूबाईंनी परवा स्पष्ट सांगितलं. "बाळ आल्यावर हे रंगाचं काम बंद. एवढी ऑर्डर कर, मग छपाईच्या फ्रेमा माळ्यावर टाक." माउली, तुझे नातजावई, मध्ये पडले. ते म्हणाले, ही ऑर्डर नीट झाली तर मग बोलू.  म्हणजे सगळं या दीडशे टीशर्टांवर आलंय. ही बिघडली तर मला तोंड उघडायला जागा राहणार नाही. शाळेचे पृथ्वीराज सर सतरा तारखेला, मंगळवारी न्यायला येणार आहेत.

तुझ्यावर भरवसा आहे म्हणून तुलाच सांगितलं.

तुझी
सुकन्या

•

सोलापूर
सोमवार, ९ डिसेंबर

सोन्या सुकन्ये,

झालं! सगळं झालं! आता तू निर्धास्त ऱ्हा.

चमकीचं मी मनातनं काढून टाकलं. थोडं वाईट वाटलं, पण पापड झाला म्हणालीस मग काय बोलायचं. शंकरप्पानं आधी जरा पातळ माल दाखवला. मी आत हात घातला, तर माझ्या बोटातली जोडवी दिसायची बाकी ऱ्हायली. अगं, जोडवी पायात असतात, मला बी लिहिताना हसू आलं, अंगठी म्हणायचं होतं. मी म्हणलं, "शंकरप्पा, हे मच्छरदाणीला ठेव." मग आतनं जाड काढला. हात घातला, काय दिसलं न्हाय. कुंडलिकचा हात घातला, त्याचा तर काळा हात, त्यो बी दिसला न्हाय. म्हणलं, हेच!

शनिवारी टेम्पोनं माल घरात आला. तुझी आई टॉवेल शिवायला कारखान्यात, बाप पाळीवर. घरात मी अन् दीडशे टीशर्ट. चटई घातली, दार लावलं, मांजर बाहेर काढलं. एकेक पिशवी उघडायची, टीशर्ट उजेडाला धरायचा, पाठ-पोट बघायचं. सातांना भोकं निघाली, ते येगळे ठेवले. कुंडलिकनं शंकरप्पाकडनं बदलून आणले. त्यानं बी कुरकुर केली न्हाय.

अन् बघ, एवढं सगळं कोरं कापड घरातनं जायचं, पोरांच्या अंगावर चढायचं, तर ते तसंच कसं धाडायचं? वाटीत हळद कालवली अन् बघून झालेल्या एकेकाला हळदीचं बोट लावलं. घडीत वर छाती येती, तितंच काळजापाशी, नीट दिसंल असं. दीडशेच्या दीडशे. बदलून आले त्यांना बी. वाळवले, परत घड्या घातल्या, पिशव्यांत भरले. कुंकू काय लावलं न्हाय, पोरांचे कपडे, कुंकू जात न्हाय. बोट दुखायलंय, पण मन असं भरून आलं की काय सांगू. माझ्या लेकरांच्या अंगावर कवा नवं कापड हळदीबिगर चढलं न्हाय. तुझं पयलं झबलं बी मीच हळद लावून दिलेलं.

उद्या सकाळच्या गाडीला कुंडलिक अन् कोंडीबा दोघं मिळून गठ्ठे चढवतील. आता तुझ्या सासूला म्हणावं, बघा आमच्या पोरीचं काम! माळ्यावर फ्रेमा टाकतात म्हणे. त्यांच्या माळ्यावर काय सोनं ठेवलंय?

तुझी ठेकेदार आजी,
अंबुबाई

•

कुर्डुवाडी
बुधवार, ११ डिसेंबर

आजी,

काय केलंस गं तू हे?

छातीवरच छापायचं आहे. शाळेचं चिन्ह. बरोबर तिथंच, जिथं तू बोट लावलंस. निळा रंग पिवळ्यावर हिरवा दिसतो. एक छापून बघितला, शेवाळ लागल्यासारखा झाला.

साबणानं एक धुतला. पिवळं जाऊन लाल झालं! रक्ताच्या डागासारखं. 

सासूबाईंनी सगळं बघितलं. गठ्ठे सोडले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. एकेक टीशर्ट उचलला, डाग बघितला, माझ्या हातातला लाल झालेला बघितला आणि एक शब्द न बोलता आत निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आजीला तूच लिही, माझी हिंमत होत नाही." मंगळवारी सर येणार. नवीन घ्यायची माझी ऐपत नाही आणि वेळ पण नाही.

तुझं चुकलं असं मला म्हणवत नाही आणि चुकलं नाही असंही म्हणवत नाही. आता काही लिहू नकोस, मला रडू येतं.

सुकन्या

•

सोलापूर
गुरुवार, १२ डिसेंबर

सुकन्ये,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते. कोंडीबानं चिठ्ठी दिली, मी हसत हसत उघडली अन् मग दोनदा परत वाचली. कुंडलिकला फोनवर कालच कळलं होतं. माझ्यासमोर भाकरी खाल्ली अन् तोंडातनं चकार शब्द न्हाय काढला. ह्यो माझा मुलगा!

अगं, माझ्या ध्यानातच न्हाय आलं. छापायचं छातीवर, हे मला ठाऊक होतं की, तुकडा तूच धाडला होतास. पण हळद लावताना ते कपडे दिसत होते, ऑर्डर दिसत नव्हती. पोरं दिसत होती. हात आपोआप वाटीकडं गेला. हितं कुणी नवं लुगडं दिलं तरी हात तसाच जातो.

आता ऐक. छाप जरा मोठी कर, हळद खाली झाकली जाईल. नसंल होत, तर सगळेच टीशर्ट हळदीत बुचकळून पिवळे कर, अन् मास्तरला पिवळा चालतो का विचार. नसंल तर लिंबू चोळ. तेबी नसंल तर मला काय सुचत न्हाय बाई.

तुझ्या सासूला माझ्या नावानं सांग, चूक म्हातारीची हाय, पोरीच्या कामाची न्हाय. काय बोलायचं ते मला बोला. फ्रेमा वर टाकायच्या आधी मला बोला. मी परवाच्या गाडीनं येते म्हणत होते, तुझ्या आईनं पिशवीच लपवून ठेवली. म्हणती, "तुमी जाऊन आणखी काय लावाल?"  बरोबर बोलली ती.

मला दोष दे, काय बी म्हण. पण रडू नको, पोटातल्याला कळतंय सगळं. जेवलीस का तेवढं कळव.

आजी

•

कुर्डुवाडी
मंगळवार, १७ डिसेंबर

माझ्या ठेकेदार आजीला,

जेवले. पोटभर जेवले. आधी तेच सांगते.

पाच दिवस लिहायला जमलंच नाही. हात सतत पाण्यात नाही तर रंगात. बाबांना फोनवर रोज सांगत होते, "आजीला सांगा, सगळं नीट चाललंय." त्यांनी सांगितलं असेलच. (का नुसतं "बरं" म्हणाले?)

आता सुरुवातीपासून सांगते.

गुरुवारी सकाळी अंगणात पाण्याचा आवाज आला म्हणून मी उठून बघितलं. सासूबाईंनी घरातल्या सगळ्या बादल्या, घमेली, बाळाच्या आंघोळीसाठी आणलेला नवा टब, सगळं भरून ठेवलं होतं आणि पदर खोचून टीशर्ट घासत बसल्या होत्या. मी धावतच गेले. म्हटलं, "अहो, साबणानं लाल होतंय!"

"होऊ दे लाल," त्या म्हणाल्या. "हळद हाय ती. साबणानं लाल होती, उन्हानं जाती. तुला कुणी शिकवलं न्हाय व्हय?"

"मग तुम्ही काल न बोलता आत का गेलात?"

"साबण किती शिल्लक हाय बघायला गेले."

आजी, मी रात्रभर रडत होते, आणि त्या साबण मोजत होत्या!

मी विचारलं, आजीवर रागावला नाहीत? तर माझ्याकडंच डोळे वटारून म्हणाल्या, "कशाला रागावू? कोरं कापड तसंच कुणी पोरांच्या अंगावर घालतं? विहीणबाईंनी लावली तशी मी पण लावली असती. फक्त काठाला लावली असती, छातीवर न्हाय. आणि कापड काय सुरेख निवडलंय. पारखायचा हात हाय त्यांना."

मग माउलींनी अंगणातून पार शेजारच्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. सगळीकडं टीशर्ट. येणारेजाणारे थांबून विचारायचे, लग्न आहे का, शाळा काढली का? दुपारी लाल डाग फिके झाले. दुसऱ्या दिवशी उलटे करून परत टाकले, आणि संध्याकाळी बघितलं तर कुठं बोट लावलं होतं ते मलाच सापडेना. जो शेवाळी छापून बघितला होता तो एक बाद. माउली घरात घालतात, आणि त्याच्या जागी इथूनच एक कोरा आणून, धुऊन छापला.

धुतल्यानं कापड थोडं आटलं, पण सगळं सारखं आटलं.

छापायला मी एकटी नव्हते. मला फार वेळ उभं राहू देत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मी फळीवर चढवून देते, तू फक्त रंग ओढ." फळीवर टीशर्ट चढवायचा, घडी मोडायची, गळ्यापासून चार बोटं सोडायची, मग वर जाळीची फ्रेम टेकवायची आणि तिच्यावरून रबरी पट्टीनं रंग ओढायचा. मी दहा-बारा ओढले आणि त्यांनी माझ्या हातातली रबरी पट्टी घेतली. "कंबर टेक. बघू मला जमतंय का." पहिला फिका झाला. दुसरा बरोबर. तिसऱ्याला मला म्हणतात, "तू जरा जोरात दाबतीस पोरी, कडेला रंग फुटतोय. हलकं ओढ." मलाच शिकवणी! माउली इस्त्री करत होते आणि मान खाली घालून हसत होते.

पृथ्वीराज सर आज सकाळी आले. नखानं रंग खरवडून बघितला, कापड ताणून बघितलं. म्हणाले, "धुऊन छापलेत का? बरं केलंत. मागच्या वर्षीचे दुसऱ्यांकडून घेतले होते, ते पहिल्याच धुण्यात आखडले. पोरांच्या बेंब्या दिसत होत्या." आणि तालुक्यातल्या बाकीच्या शाळांना आमचं नाव सांगतो म्हणाले. सांगतील तेव्हा खरं, पण माणूस खोटा वाटला नाही.

आता खरी गोष्ट. सर अजून दारातच होते तेवढ्यात खालच्या आळीतले चनबसप्पा आले. त्यांच्या कबड्डी मंडळाला टीशर्ट पाहिजेत, जानेवारीअखेर. मी सासूबाईंकडं बघितलं. म्हटलं, आता माळ्याचा विषय निघणार. मी तोंड उघडायच्या आत त्याच आतून म्हणाल्या, "व्हय, आमच्यात छापतात. सुती घ्यायचे का मिक्स? खेळायला पाहिजेत म्हणून चमकीचे मागू नका, इस्त्रीत जळतात. आणि मापं आत्ताच देऊन ठेवा. जानेवारीत पोरगी माहेरी जाणार बाळंतपणाला. पण छापायला मी हाय."

आजी, मी तशीच फ्रेमा धुवायला मोरीत गेले, आणि तिथंच उभी राहून हसत होते का रडत होते मलाच कळेना.

मंडळाचे कोरे टीशर्ट पण तूच निवडायचेस, असं सासूबाईंनी सांगितलंय. रंग मरून, म्हणजे गडद लाल. मापं कोंडीबाकाकांबरोबर देईन.

तुझी
सुकन्या

•

सोलापूर
बुधवार, १८ डिसेंबर

माझ्या सोनुल्ये,

जीव भांड्यात पडला गं माझा. पाच दिवस कोंडीबा कोपऱ्यावर दिसला की मी उंबऱ्यात येऊन उभी ऱ्हायची, अन् त्यो लांबनंच हात हलवून "काय न्हाय, मावशी" म्हणायचा. तुझ्या बापानं काय सांगितलं म्हणतीस? "बरं चाललंय." बास. मला वाटलं, आईची समजूत काढतोय. आता चिठ्ठी त्याला मोठ्यानं वाचायला लावली. साबणापाशी आल्यावर त्यो बी हसला, अन् तुझी आई तर भिंतीला टेकून हसली. वैजयंती हसू ऐकून आली, तिला परत पयल्यापासनं वाचून दाखवली. पृथ्वीराज सरांच्या बेंब्यांपाशी ती दाराला धरून हसली. म्हणलं, अगं सरांच्या न्हाईत, पोरांच्या!

आज दुपारी सांडग्याची आमटी केली तुझ्या आईनं. दोन वेळा वाढून घेतली मी. पाच-सहा दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

मुक्ताबाईंबद्दल मी जे काय काय लिहिलं ते पान फाडून टाक बघ. लग्नात हसल्या न्हाईत म्हणलं होतं मी. आता वाटतं, त्या वक्ताला बी मंडपात पाणी पुरतंय का न्हाय ह्याच्याच काळजीत असतील. असली माणसं कामाच्या वक्ताला हसत न्हाईत.

आता हे खालचं त्यांना वाचून दाखव. माझं अक्षर त्यांना लागायचं न्हाय.

विहीणबाई, अंबुबाईचा तुमाला नमस्कार. तुमी दीडशे कपडे एकटीनं घासलेत, माझ्या पोरीला कंबर टेकवायला लावलीत, हे मी ऐकलं. मला गोड बोलता येत न्हाय, बडबड तेवढी येती. पयलं बाळंतपण आमच्यात व्हायचं, ते आमचं काम. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कुंडलिक मोटार घेऊन येईल, मी बी येते, गचके बसू देत न्हाय. मरून टीशर्ट आधीच धाडते, जाड बघून, आत हात घालून. बाळंतपण करून पोर अन् बाळ आमी सांभाळू, अंगावर बाळसं धरल्यावर तुमच्या दारात आणून सोडू.

तवर छापखाना तुमी सांभाळा.

अंबुबाई